होर्मुझची सामुद्रधुनी आणि नल्लकुंट्याची शेगडी

वैद्यकांच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, गुडघ्यांचे प्रत्यारोपण अशा विषयांची वाचकांना सवय असते आणि ती योग्यच आहे. यंदा संपादक मंडळाकडून लेखाची मागणी आली तेव्हा मी 'स्वयंपाकाचा गॅस' हा विषय कळविला. त्यावर एका सुहृदांनी, हा प्रांत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा, डॉक्टरांनी त्यात कशाला शिरावे, असे हसत हसत विचारले. या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही. नल्लकुंट्यात चार दशकांहून अधिक काळ दवाखाना चालविल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, आखातात किंवा युरोपात युद्ध पेटले की त्याची धग सर्वांत आधी आपल्या घरच्या शेगडीला लागते आणि शेगडीतून ती आमच्या तपासणीच्या टेबलापर्यंत येते. युद्धाच्या बातम्या आपण वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर वाचतो. त्यांचा उत्तरार्ध मात्र गॅस एजन्सीच्या पावतीवर छापलेला असतो.

तो उत्तरार्ध आधी आकड्यांत पाहू. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्या दिवशी हैदराबादेत १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची किंमत ९५२ रुपये होती. मार्च अखेरीस ती हजाराच्या पुढे गेली, जुलैमध्ये १,१०५ रुपये झाली आणि मार्च २०२३ मध्ये १,१५५ रुपयांवर पोहोचली. सारा दोष युद्धाचा होता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. कोरोनाच्या साथीनंतर जगभर मागणी उसळली आणि किमती आक्रमणापूर्वीच वर्षभर चढत होत्या. दिल्लीत २०२० च्या नोव्हेंबरात ५९४ रुपयांना मिळणारे सिलिंडर ऑक्टोबर २०२१ मध्येच ९०० रुपयांच्या घरात गेले होते. परंतु दम लागलेल्या रुग्णाला जिना चढायला लावावा, तसे युद्धाने केले. त्यात रुपयाही घसरला. युद्धाच्या प्रारंभी डॉलरला सुमारे ७५ रुपये मोजावे लागत, ऑक्टोबरपर्यंत ८२ हून अधिक लागू लागले. गॅस डॉलरमध्ये विकत घ्यायचा असल्याने ही दुहेरी ओढाताण होती.

आपल्याकडे 'घर तापविण्याचा खर्च' असा शब्दप्रयोग कोणी करीत नाही. दख्खनच्या पठारावर भिंती तापविण्याचे काम सूर्य फुकट करतो, आणि एप्रिल-मे मध्ये तर नको तितके करतो. तरीही आपल्या घरात उष्णता विकत घ्यावीच लागते. भात शिजविण्यासाठी, डाळ मऊ होण्यासाठी, पिण्याचे पाणी उकळण्यासाठी, डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या अंघोळीसाठी, बाळंतिणीच्या शेकासाठी. जुन्या मराठी घरांत या उष्णतेची साधनेही वेगवेगळी होती. न्हाणीघरात तांब्याचा बंब, स्वयंपाकघरात चूल, दुधासाठी कोळशाची शेगडी, आणि पाहुणे अवेळी आले तर वातींचा स्टोव्ह. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांतल्या मराठी वाड्यांतून वाढलेल्या माझ्या पिढीला बंबात ढलप्या सारण्याचे काम आठवत असेल. तेव्हा इंधन चार ठिकाणांहून येई. लाकूड वखारीतून, कोळसा दुकानातून, गोवऱ्या गवळ्याकडून आणि रॉकेल रेशनवर. एकाची टंचाई झाली तर दुसऱ्यावर निभावून नेता येई. धूर होता, कष्ट होते, डोळ्यांचे हाल होते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. फक्त एवढे लक्षात घ्यावे की, चार साधनांची जागा एकाच निळ्या ज्योतीने घेतली तेव्हा सोय फार मोठी झाली आणि अवलंबनही तेवढेच मोठे झाले.

युद्धामुळे चूल अडचणीत येण्याचा अनुभव आपल्याला नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि एप्रिलमध्ये येनांजाँगच्या तेलविहिरी, शत्रूला उपयोगी पडू नयेत म्हणून, इंग्रजांनीच उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानातल्या घराघरांतील कंदील आणि स्टोव्ह मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशच्या रॉकेलवर पेटत होते. ते तेल थांबताच रॉकेलचे रेशनिंग आले, रांगा आल्या, काळा बाजार आला. पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविण्याचे प्रयोगही त्याच काळातले. निजामाच्या राज्याला एक आधार होता, तो सिंगरेणीच्या कोळशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येल्लंदूच्या परिसरातून निघणारा तो कोळसा घरचाच होता. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नव्हता. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरा अनुभव १९९० चा. २ ऑगस्ट रोजी इराकने कुवेत गिळले, आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. हैदराबादला त्या बातमीचे कुतूहल नव्हते, काळजी होती. या शहराची कितीतरी घरे आखातातल्या मनिऑर्डरींवर उभी आहेत. त्या वर्षी तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला आणि १९९१ मध्ये देशावर सोने गहाण ठेवण्याची पाळी आली. मात्र तेव्हा गरिबांच्या घरी गॅस नव्हताच. गॅसजोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव असे, खासदारांच्या कोट्यातील कुपन मिळाले तर शेजारी पेढे मागत. युद्धाचा चटका बसला तो आपल्यासारख्या मध्यमवर्गाला आणि रॉकेलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांना.

२०२२ ची गोष्ट वेगळी होती, कारण मधल्या काळात गॅस झोपडीपर्यंत पोहोचला होता. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. आरोग्याच्या दृष्टीने स्वतंत्र भारतातील हे एक मोठे पाऊल आहे, असे मी मानतो. परंतु गॅसची घरे जितक्या वेगाने वाढली तितक्या वेगाने देशातील गॅसचे उत्पादन वाढले नाही. २०२३-२४ या वर्षी देशात सुमारे २९६ लाख टन एलपीजी वापरला गेला. आपल्या शुद्धीकरण कारखान्यांतून व प्रक्रिया केंद्रांतून निघाला तो सुमारे १२८ लाख टन. उरलेला, म्हणजे दर पाच सिलिंडरांपैकी तीन, परदेशातून आला. तो येतो प्रामुख्याने संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत आणि सौदी अरेबिया या देशांकडून, आणि त्यातील बहुतेक सारी जहाजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतात. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे चौतीस किलोमीटर रुंद आहे. एका काठाला इराण, दुसऱ्या काठाला ओमान. सौदी अरामको ही कंपनी दर महिन्याला आपला विक्रीदर जाहीर करते आणि आपल्या सिलिंडरची मूळ किंमत त्या दराला बांधलेली असते. एप्रिल २०२२ मध्ये तो दर टनाला साडेनऊशे डॉलरच्या आसपास गेला होता.

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवसांचे युद्ध झाले. २२ जूनला इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या बाजूने कौल दिला आणि दोन दिवसांनी युद्धविराम झाला. त्या वेळी सामुद्रधुनी बंद झाली नाही. पण त्या दोन दिवसांत मी एक गणित मांडून पाहिले. २०२४-२५ मध्ये देशाची एलपीजीची वार्षिक गरज ३१० लाख टनांच्या पुढे गेली होती. म्हणजे दिवसाला सुमारे पंच्याऐंशी हजार टन. एलपीजी साठविण्यासाठी खडकात खोदलेली आपली मोठी भुयारे दोन. विशाखापट्टणमचे साठ हजार टनांचे आणि मंगळुरूचे ऐंशी हजार टनांचे. दोन्ही काठोकाठ भरली तरी देशाची गरज दीड दिवसाच्या थोडी पुढे भागते. बंदरांवरच्या टाक्या, बाटलीभरणी केंद्रे आणि वाटेवरची टँकर-वाघिणी धरून आणखी काही दिवस निघतील. याउलट कच्च्या तेलासाठी सरकारने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे त्रेपन्न लाख टनांचे सामरिक साठे उभारले आहेत. मोटारीसाठी साठा आहे, रणगाड्यासाठी आहे. भातासाठी तसा राखीव साठा उभारण्याची निकड कोणाला वाटली नाही. कच्च्या तेलापासून एलपीजी निघतो हे खरे, पण थोडा. कारखाने पूर्ण क्षमतेने चालूनही तो पाचातील दोनच सिलिंडर भरतो, हे वर आलेच.

नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूमुळे या चिंतेतून सुटका होईल, असे पुष्कळांना वाटते. आपल्या शहरात काही वसाहतींत तो पोहोचलाही आहे. पण नैसर्गिक वायूचाही जवळपास निम्मा भाग आयात होतो, आणि त्यातला मोठा वाटा कतारचा, म्हणजे पुन्हा होर्मुझचा. २०२२ मध्ये तर एक विलक्षण प्रसंग घडला. रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीच्या एका शाखेशी आपल्या 'गेल'ने वीस वर्षांचा करार केला होता. युद्ध सुरू झाल्यावर गॅझप्रॉमचा जर्मनीतील कारभार जर्मन सरकारने ताब्यात घेतला, आणि मे महिन्यापासून भारताकडे येणारी द्रवरूप वायूची जहाजे चुकू लागली. युरोपला हिवाळ्यासाठी वायू हवा होता आणि तो वाटेल त्या किमतीला घेण्याची ऐपत त्याच्याकडे होती. आपल्या हक्काचा वायू कागदावर राहिला. पुढे २०२५ मध्ये नुकसानभरपाईवर तो वाद मिटला. पण नुकसानभरपाईवर चहा उकळत नाही.

युरोपातही सुख होते असे नाही. उस्मानिया आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडून इंग्लंडमध्ये स्थिरावलेले आपले कितीतरी सहकारी आहेत. त्या देशात बहुतांश घरे नैसर्गिक वायूने तापविली जातात. सामान्य घराच्या वार्षिक ऊर्जाबिलाची नियामकाने ठरविलेली मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. ऑक्टोबर २०२२ साठी ती ३,५४९ पौंड जाहीर झाली, आणि सरकारने मध्ये पडून सामान्य बिल २,५०० पौंडांवर रोखले. त्या हिवाळ्यात गावोगावची ग्रंथालये आणि चर्चची सभागृहे म्हाताऱ्यांना ऊब घेण्यासाठी उघडी ठेवण्यात आली. घरातील तापमान अठरा अंशांखाली जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. थंड घरात रक्तदाब चढतो, दमा बळावतो, पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आपण सारे जाणतो. तिकडच्या डॉक्टरांनी रुग्णाला 'घरात हीटर लावता का?' हे विचारणे त्या वर्षी स्वाभाविक मानले गेले. आपल्याकडे त्याच तोडीचा प्रश्न आहे, 'गॅस भरलाय का?' आणि तो आपण विचारीत नाही.

मी तो विचारू लागलो २०२२ च्या पावसाळ्यात. अडिकमेट, रामनगर, अंबरपेठ या बाजूंनी माझ्याकडे घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, रिक्षावाल्यांच्या घरातल्या बायका येतात. एकीचा खोकला वर्षभर आटोक्यात होता, तो अचानक उलटला. इनहेलर नियमित, घरात कोणी विडी ओढणारे नाही. गॅसविषयी विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "है ना डॉक्टरसाब, ग्यास है. मेहमान आए तो जलाते." एरवी बांधकामावरून आणलेल्या फळकुटांवर, अंगणातल्या तीन विटांवर स्वयंपाक. सरकारी नोंदीत हे घर 'गॅसधारक' आहे. अशा घरांची गणना आपल्याला आकड्यांतही दिसते. उज्ज्वला योजनेतील कुटुंबे २०२१-२२ मध्ये वर्षाला सरासरी चारांपेक्षाही कमी सिलिंडर घेत होती. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक तीन-साडेतीन सिलिंडरांत वर्षभर होत नाही, हे सांगायला गृहिणीच हवी असे नाही. उरलेले महिने चूल पेटते.

चुलीच्या धुराविषयी वैद्यकीय वाचकांना मी काय सांगावे? धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा प्रश्न पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. बार्न्स यांच्यासमवेत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे ठळकपणे मांडला, आणि त्यात जैवइंधनाच्या धुराला मोठे स्थान होते. घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे बत्तीस लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मात्र अतिशयोक्ती टाळलेली बरी. भारतासह चार देशांत झालेल्या 'हापिन' या मोठ्या चाचणीत गरोदर स्त्रियांना मोफत गॅस देण्यात आला. त्यांच्या श्वासातील सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ पर्यंत उतरले, पण बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही, आणि अर्भकांच्या न्यूमोनियातही नाही. काहींनी यावरून गॅसचा उपयोगच नाही असा निष्कर्ष काढला. मला तो घाईचा वाटतो. फुप्फुसांचे नुकसान वीस-तीस वर्षांत साचत जाते, ते दीड वर्षाच्या चाचणीत मावत नाही. शिवाय २४ हा आकडाही संघटनेच्या ५ या मर्यादेच्या जवळपास पाचपट आहे. शेजारच्या घरचा धूर आणि रस्त्यावरच्या वाहनांचा धूर तुमच्या गॅसला विचारून आत येत नाही.

धुराइतकाच मला दुसऱ्या काटकसरीचा घोर वाटतो. गॅस महाग झाला की आधी स्वयंपाक कमी होत नाही. आधी पाणी उकळणे थांबते. नल्लकुंट्याच्या रहिवाशांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या वस्तीची ओळखच मुळी सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे 'फीवर हॉस्पिटल', ही आहे. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, अतिसार यांचे रुग्ण पावसाळ्यात कुठे जातात ते येथील रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. अशा वस्तीत पाणी उकळण्याचा खर्च हा आरोग्यखर्च आहे.

तो किती, याचा हिशेब अवघड नाही. दहा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून शंभरावर नेण्यास साडेसातशे किलोकॅलरी लागतात. शेगडीची कार्यक्षमता साठ-बासष्ट टक्के धरली तर सुमारे ११० ग्रॅम गॅस. रोज दहा लिटर म्हणजे महिन्याला सव्वातीन किलोच्या पुढे, जवळजवळ पाव सिलिंडर. मार्च २०२३ च्या भावाने हा खर्च महिन्याला अडीचशे रुपयांहून अधिक होतो. आणि आम्ही डॉक्टर काय सांगतो? 'पाणी वीस मिनिटे उकळा.' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वस्तुतः पाण्याला खळखळून उकळी फुटली, ती मिनिटभर टिकली, की रोगजंतूंच्या दृष्टीने काम झालेले असते. पुढची एकोणीस मिनिटे मोठ्या ज्योतीवर निम्म्याहून अधिक गॅस आणखी जाळतात आणि कोणताही जास्तीचा जंतू मारीत नाहीत. महागाईच्या वर्षी ज्या बाईला वीस मिनिटे परवडत नाहीत, ती एक मिनिटही उकळत नाही. आमच्या सल्ल्याची मात्रा तिच्या ऐपतीबाहेरची होती म्हणून तिने औषधच सोडले, असा हा प्रकार आहे.

उष्णतेच्या काटकसरीचे आणखी एक रूप अधिक घातक आहे. विजेच्या गीझरऐवजी स्वस्त पडतो म्हणून न्हाणीघरात गॅसचा गीझर बसविला जातो, थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी बंद ठेवली जाते, आणि कार्बन मोनॉक्साइडने माणूस अंघोळ करता करता कोसळतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याच्या चालीतही तोच धोका आहे. अपस्मार किंवा हृदयविकार म्हणून तपासण्या करण्यापूर्वी न्हाणीघराची चौकशी करावी, ही माझी तरुण सहकाऱ्यांना विनंती.

आता उपायांकडे वळतो, आणि येथे माझी मते सर्वांना रुचतील असे नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने तेल कंपन्यांना घरगुती गॅसवरील तोट्यापोटी २२,००० कोटी रुपये दिले, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ३०,००० कोटी मंजूर केले. कंपन्या जगल्या पाहिजेत, याबद्दल वाद नाही. त्यांनी किमतीचा बराचसा भार स्वतःवर घेतला हेही मान्य. परंतु कंपनी भरपाईसाठी दोन वर्षे थांबू शकते. रोजंदारीवरची बाई दोन दिवस थांबू शकत नाही. आणि किमती उतरतानाचा वेग पाहा. सौदी दर जुलै २०२३ मध्ये टनाला चारशे डॉलरपर्यंत, म्हणजे युद्धकाळातील उच्चांकाच्या निम्म्याहूनही खाली आला होता. हैदराबादेत मात्र तेव्हाही सिलिंडर १,१५५ रुपयांनाच होते. दोनशे रुपयांची कपात आली ती ऑगस्टच्या अखेरीस. कंपन्यांना मागचा तोटा भरून काढायचा होता, हे कारण हिशेबात बरोबर असेल. पण तो त्या बाईच्या श्वासातून भरून निघाला.

तेलंगण सरकारने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी पाचशे रुपयांत सिलिंडरची योजना सुरू केली. हेतू स्तुत्य आहे. मात्र योजनेची रीत अशी की, आधी पूर्ण किंमत मोजायची आणि फरक नंतर बँकेत जमा व्हायचा. ज्या घरात महिन्याच्या विसाव्या तारखेला पूर्ण किंमत एकरकमी नसते, त्या घराला नंतर मिळणारा फरक चुलीपासून परावृत्त करीत नाही. सवलत दारात, सिलिंडर उतरवतानाच मिळाली पाहिजे. सवलतीचा आकडाही निवडणुकीच्या तोंडावर ठरू नये. आंतरराष्ट्रीय दराने एक मर्यादा ओलांडली की गरीब घरांच्या पहिल्या सहा-आठ सिलिंडरांवर ती आपोआप वाढावी आणि दर उतरला की आपोआप कमी व्हावी. आपल्यासारख्यांना ती देण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये सवलत सोडण्याचे आवाहन झाले तेव्हा आपल्या मंडळींपैकी कित्येकांनी ती सोडली होती. बाकीच्यांची २०२० नंतर आपोआपच सुटली, आणि त्यामुळे आपल्यापैकी कोणी चूल पेटविल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

साठ्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. निदान महिनाभराच्या घरगुती गरजेइतका गॅस देशात सदैव असावा, अशी भुयारे खोदणे खर्चिक आहे. परंतु कच्च्या तेलासाठी ते केले गेले, तेव्हा ते अशक्य नाही हे सिद्ध झाले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेकडून वर्षाला बावीस लाख टन एलपीजी घेण्याचा २०२६ सालासाठीचा करार झाला. पुरवठादार वाढले, हे चांगले. मात्र आखातातून आठवड्याच्या आत येणारा गॅस तिकडून यायला महिना आणि त्याहून अधिक लागतो. म्हणजे साठ्याची गरज त्या कराराने कमी होत नाही, वाढते.

आणि शेवटी दुसरी शेगडी. सिंगरेणीच्या कोळशाचा उल्लेख वर केला तो यासाठी. आपल्या राज्याची वीज बव्हंशी या भूमीतूनच निघते, आणि गृहज्योती योजनेत २०२४ पासून पात्र घरांना दोनशे युनिटांपर्यंत ती मोफत आहे. एका सिलिंडरातून भांड्याला मिळणारी उष्णता इंडक्शन शेगडीने द्यायची तर सुमारे १३० युनिट लागतात. सगळा स्वयंपाक त्यावर नेला तर दोनशेची मर्यादा ओलांडेल आणि सवलत जाईल. पण पाणी, दूध आणि भात एवढेच विजेवर केले तर गॅस दीडपट दिवस पुरतो. कोळशाची वीज स्वच्छ नाही, रामागुंडमच्या आकाशात तिचा धूर आहे, हा आक्षेप मी मान्य करतो. तरी तो धूर चिमणीतून उंच जातो. तीन विटांवरचा धूर थेट नाकात जातो. गच्चीवर सौर बंब बसविण्याजोगी ज्यांची घरे आहेत, त्यांनी तो बसविला की हिवाळ्यातल्या अंघोळीपुरते तरी होर्मुझशी नाते तुटते. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला गच्ची नसते, त्याला इंडक्शन हाच मार्ग.

आपल्या संस्थेच्या आरोग्य शिबिरांत आपण रक्तशर्करा मोजतो, रक्तदाब मोजतो, चष्म्याचे नंबर काढतो. पुढच्या शिबिराच्या केसपेपरवर वय आणि वजन यांच्या खाली दोन ओळी वाढवाव्यात, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे देत आहे. 'गेल्या वर्षात किती सिलिंडर घेतले?' आणि 'गॅस संपल्यावर कशावर शिजवता?' पाणी किती वेळ उकळावे, याचे तेलुगू, उर्दू आणि मराठीतले एक पत्रकही त्याच दिवशी वाटता येईल. मजकूर मी तयार केला आहे, उर्दू तपासून देणारा कोणी सभासद हवा आहे.